उजव्या गालावरचा तीळ

पलंगाचा एक पाय हलत होता, एवढीच गोष्ट. कूस बदलली की टक् करून वाजायचा, आणि सुलोचनाबाईला वाटायचं, दार वाजलं. मास्तर होते तेव्हा त्यांनी खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती, ती केव्हाच दबून पापड झाली. संक्रांत होऊन गेली होती, भंडाऱ्यात दुपारचं ऊन जरा बोचायला लागलं होतं, आणि जेवण आटोपून भांडी विसळल्यावर बाईनं मनाशी ठरवलं की आज या पायाचा निकाल लावायचाच. हवी होती एक चपटी फळी. मास्तरांच्या लोखंडी पेटीत तशा फळ्या पुष्कळ होत्या. लाकडावर लिनोलियमचा तुकडा चिकटवायचा, त्यावर कोरणीनं चित्र कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा आणि वरून कागद दाबायचा, की ठसा निघतो. तिच्या नवऱ्यानं, वासुदेवराव मास्तरांनी, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि उरलेल्या वेळात हाच उद्योग केला. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. कागदावरचे ठसे तर बाईनं गेल्याच महिन्यात सगळेच्या सगळे देऊन टाकले होते, मग फळ्यांना कोण विचारतं. तिनं पेटीत हात घातला, तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक फळी जाडीला बरोबर वाटली, ती ओढून काढली, फडकं सोडलं, आणि फळीवर रुखमा होती.

रुखमा म्हणजे तिची मुलगी. एकुलती एक. सासूचं नाव ठेवलं होतं म्हणून घरात कोणी तिला रागावून हाक मारू शकत नसे, आणि पोरीला ते बरोबर कळलं होतं, त्याचा ती पुरेपूर फायदा घ्यायची. आठ वर्षांची होती. घटसर्पानं घसा धरला आणि तीन दिवसांत सगळं संपलं, त्याला सोळा वर्षं झाली. आता हे मी सांगतो तितक्या सरळ बाईनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नवीन ओळखीची कोणी बाई नळावर, देवळात भेटली आणि तिनं विचारलं की लेकरंबाळं किती, तर सुलोचनाबाई म्हणायची, एक मुलगी आहे. आहे म्हणायची. पुढची बाई आपल्याच मनानं समजून घ्यायची की दिली असेल कुठं नागपूर-वर्ध्याकडे, आणि विषय भाज्यांच्या भावावर जायचा. खोटं तर बोलली नाही, आणि खरं बोलायची पाळी आली नाही. अशी सोळा वर्षं निघाली.

फळी हातात घेऊन ती खाली फरशीवरच बसली. काळ्या शाईनं माखून सुकलेलं ते लिनोलियम, त्यातून वर राहिलेल्या रेघा, आणि त्या रेघांत तिची पोर. कपाळावर येणारी बट, जी तेल चोपडूनही बसायची नाही. खालचा ओठ थोडा पुढे, काहीतरी मागायच्या आधी असायचा तसा. एक वेणी पुढे घेतलेली. आणि डाव्या गालावर तीळ, तीळ कसला, जवाच्या दाण्याएवढा ठिपका, जो आंघोळ घालताना बाई मुद्दाम घासायची आणि म्हणायची, जात कसा नाही गं हा मळ, आणि पोर खिदळायची. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त चेहऱ्यावरून एका कानापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आणि उलट, अशी खोल फुली मारलेली होती. ती फुली बाईला नवी नव्हती. मास्तरांची रीतच होती ती. जेवढे ठसे काढायचे ठरवले तेवढे काढले की फळीवर कोरणीनं फुली मारायची, म्हणजे मागून कोणी त्यावरून आणखी छापू नयेत. तळ्यांवर फुली, झाडांवर फुली, बैलांवर फुली. पण रुखमाच्या तोंडावर? कसा उचलला असेल या माणसानं हात. बाईनं फळी पालथी केली. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, शाळेच्या फळ्यावर लिहायचे तशा वळणदार अक्षरात: रुखमा. एकच ठसा. चेहरा उलटा आला. चूक माझी. खाली तारीख होती, पोर गेल्यानंतर दोन महिन्यांनीची.

तिला आधी राग आला, हे सांगायलाच हवं. दुःख मागून आलं. सोळा वर्षं ती या माणसाला बोलली होती. साऱ्या जिल्ह्याच्या बांधावरच्या लहान बोड्या काढल्या तुमी, मोठी तळी काढली, मोहाची झाडं काढली, अन् पोटच्या पोरीचा एक कागद नाही काढला. जेवायला वाढताना बोलली, पाहुण्यांसमोर बोलली, ते शेवटच्या आजारात पडून होते तेव्हासुद्धा एकदा बोलली. रुखमाचा फोटो नव्हताच. स्टुडिओ होता गावात, पण सासूनं घेऊ दिला नाही, एकुलत्या लेकराचा फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणे. आयुष्य तसंही काही जास्त निघालं नाही. तेव्हा घरात पोरीचं काही उरलं नव्हतं, आणि ज्याच्या हातात ते आणणं होतं तो माणूस मान खाली घालून वरणभात कालवत राहायचा. एका शब्दानं बोलला नाही की काढला होता गं, उलटा आला. शाळेतल्या पोरांना वर्षानुवर्षं घोकून घेत होते की चित्र आधी उलटं करून मग फळीवर उतरवा, नाहीतर छापल्यावर उजव्याचं डावं होतं. आणि स्वतः? स्वतः डोळ्यांपुढे दिसली तशी सरळ कोरून काढली. उलटी करायला मन झालं नसेल. मग कागद उचलला असेल आणि त्यावर कोणी दुसरीच पोरगी असेल. बाईला ते सगळं दिसलं, मागच्या खोलीतलं ते स्टूल, कंदील, हातातला ओला कागद, आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला.

एकच ठसा. हे दोन शब्द तिच्या डोक्यात जरा उशिरानंच शिरले. ती उठली, फळी घेऊन कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. आरशातल्या मुलीच्या उजव्या गालावर तीळ होता, वेणी दुसऱ्या खांद्यावरून आलेली होती, आणि ही मुलगी सुलोचनाबाईनं पाहिलेली होती. महिन्यापूर्वी. आपल्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून, विकली होती.

तो दिवस तिनं नंतर इतक्या वेळा उलगडून पाहिला की त्याच्या घड्या पडल्या. आंध्रात तुफान आलं होतं. समुद्र गावांत शिरला, माणसं झाडांना अडकून मेली, वर्तमानपत्रांत असे फोटो आले की ती पानं बाई पालथी ठेवायची. मास्तरांच्या शाळेचे हेडमास्तर कृष्णराव घरी आले. ते म्हणाले, जिल्ह्यातले सगळे चित्रकला शिक्षक आपापली चित्रं देऊन राहिले, विकून मदत पाठवू, सरांचे ठसे असले तर पाहा. बाईनं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, आतून दोरीनं बांधलेलं बाडच आणून त्यांच्यापुढे ठेवलं. एका फोटोत एक आई होती, चिखलात बसलेली, मांडीवर काही नसताना मांडी घातलेली. तिच्यासाठी दिलं, असं म्हटलं तरी चालेल. आणि नुसतं देऊन थांबली नाही, शाळेच्या हॉलमध्ये दिवसभर टेबलामागे उभी राहिली. मास्तर गेल्यापासून इतक्या माणसांशी बोलली नव्हती. मजा येत होती तिला, खोटं कशाला सांगा. दोरीला चिमट्यांनी लावलेले ठसे, लोक मान वाकडी करून बघताहेत, आणि ही सांगते आहे की ही पवनीची नदी, हे आमच्या माहेरचं, आंधळगावचं झाड. त्यातच एक चित्र मुलीचं होतं. बाडात दोन पातळ कागदांमध्ये ठेवलेलं निघालं. बाईनं ते हातात घेतलं होतं. नीट पाहिलं होतं. शाळेतली कोणी असेल म्हणाली आणि चिमट्याला लावलं.

सांगा आता. आईनं पाहिलं आणि म्हणाली, शाळेतली कोणी असेल.

दुपारी एक जोडपं आलं होतं. नवऱ्याच्या अंगावर खाकी, नखांत काळं बसलेलं, धुऊनही न निघणारं. जिल्ह्याच्या दवाखान्यात कशाला तरी आले होते आणि दारातून गर्दी दिसली म्हणून आत शिरले. बायको सरळ त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिली, ती हलेचना. नवऱ्यानं दोनदा दंडाला धरून ओढलं. बाईच टेबलामागून निघून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, घ्या न, चांगल्या कामाले पैसे जातात. आणि वर म्हणाली, पोरीचं तोंड किती गोड आहे पाहा. हे शब्द तिच्याच तोंडचे. त्या बाईनं पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, आणि गुंडाळलेलं चित्र पोटाशी धरून, दारापर्यंत पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत गेली. सुलोचनाबाईला तेव्हा बरं वाटलं होतं.

तीन दिवस तिनं काढले. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला. रुखमाचा चेहरा आठवायला ती सकाळी डोळे मिटून बसायची आणि चेहरा येत नव्हता. टाच यायची, उन्हानं भेगाळलेली. मनगट यायचं, त्यातल्या दोन हिरव्या बांगड्या. खोबरेल तेलाचा वास यायचा. आपण पोरीला जपून ठेवलंय अशा समजुतीत इतकी वर्षं ही बाई जगली आणि आत पाहते तर चेहऱ्याच्या जागी काही नाही. फळीकडे पाहिलं तर फुलीच दिसायची. डाव्या भुवईवरून गेलेला घाव हनुवटीखाली निघायचा. शेजारणीनं विचारलं, तब्येत बरी नाही का, तर ही म्हणाली, पलंगाचा पाय हलून राहिला, झोप नाही.

चौथ्या दिवशी ती भय्याजींकडे गेली. भय्याजींचं तसबिरींना काचा-चौकटी बसवायचं दुकान, शाळेच्याच रस्त्याला. विक्रीच्या दिवशी निम्म्या लोकांनी चित्रं तिथूनच पुढे नेली होती. त्यांना नीट आठवत होतं. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतला मंगरू, म्हणाले, अन् त्याची बायको. त्यांची मुलगी गेली होती नऊ वर्षांची, काविळीनं, पावसाळ्यात. तिचा फोटो नाही काही नाही. चित्रातली अगदी तशीच, म्हणत होते. चौकट बसवली, हारासाठी वर दोन खिळे ठोकून दिले, आणि काचेवर खाली पांढऱ्या रंगानं नाव अन् तारीख त्यांनीच टाकली, भय्याजींनी, स्वतःच्या हातानं. दोघं नवरा-बायको दुकानाच्या पायरीवर बसून रडले म्हणे. मग भय्याजींनी विचारलं, काहून वहिनी, काही चुकलं काय? बाई म्हणाली, नाही, सहज.

सहज कसलं. तिच्या पोरीच्या तोंडाखाली दुसऱ्या पोरीचं नाव घातलं होतं आणि वर हार. घरी मास्तरांच्या फोटोला हार होता, तो तिनं रीतसर घातला होता, तेराव्याला, सगळ्यांच्या देखत. रुखमाला हार नव्हता. फोटोच नाही तर हार कशाला घालणार, आणि हार नाही तोवर कुठंतरी, एखाद्या कोपऱ्यात, गोष्ट पुरी झालेली नव्हती. आता ती पुरी करून बसली होती कोणी चिखल्याची बाई, जिला आपण ओळखत नाही. आपली पोर आपल्या आधी दुसऱ्याच कोणी मारून मोकळं झालं, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून तिची तिलाच भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी ती चिखल्याला जायला तुमसरच्या एस.टी.त बसली. पिशवीत एक लुगडं होतं नवं, आणि कृष्णरावांकडून मागून आणलेलं, विक्रीतून उरलेलं मास्तरांचंच एक मोठं चित्र, कमळांनी भरलेल्या तळ्याचं. हे घ्या, ते द्या, असं म्हणायचं. चूक झाली म्हणायचं, ते विकायचं नव्हतंच, चुकून लागलं. पैसे परत, वर लुगडं, वर तळं. मोहाडीपर्यंत हे सगळं तिला अगदी रास्त वाटत होतं. मोहाडीच्या पुढे एका बाईच्या मांडीवरचं पोर हिच्या पिशवीची दोरी ओढायला लागलं आणि ही खिडकीबाहेर बघत राहिली. धान निघून गेलेल्या बांध्या, त्यात लाखोरीच्या पिकाची हिरवळ, बांधावर शेकत बसलेली माणसं. तळं कोण लावणार हो भिंतीवर, मुलीच्या जागी? मनातला एक आवाज हे म्हणाला, तो थोडा मास्तरांसारखा होता. तिनं त्याला उत्तर दिलं की माझी ती माझी. तिची तिच्या नशिबाची. मी विकताना आंधळी होते, आता डोळे उघडले तर मी काय गुन्हा केला? तुमसरला गाडी बदलली. पुढच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती, त्यांच्यातून गळालेल्या भुकटीनं रस्ता काळा, कडेची झाडं काळी. तिनं पदरानं नाक झाकलं आणि देवाला एकच मागितलं, घरात ती बाई एकटी असू दे.

एकटीच होती. नवरा खाणीत उतरला होता. कामगारांच्या चाळीतली शेवटून दुसरी खोली, दारात शेणसडा, आत सगळं लख्ख. विमलाबाई तिचं नाव. चाळिशीही गाठली नसेल, पण गाल बसलेले. सुलोचनाबाईला पाहिल्याबरोबर तिनं ओळखलं, आणि ओळखून हसण्याऐवजी तिचा चेहरा पडला. आत या म्हणाली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती छापलेलं कॅलेंडर, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या शेजारी, बरोबरीच्या उंचीवर, रुखमा. कागदी फुलांचा हार. काचेवर कुंकवाचा ठिपका, खाली पाटावर मेणबत्तीचं ओघळलेलं मेण. आणि पांढऱ्या अक्षरांत, भय्याजींच्या हातचं: कुमारी गौतमी. सुलोचनाबाईनं पाणी पिऊन घेतलं. तिला वाटलं होतं ती पाहताच कोसळेल. पण ती बघत राहिली आणि अगदी स्वस्थ झाली. तीच बट, तोच ओठ. फुली नव्हती. उलटी का होईना, पोर अख्खी होती.

तिनं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात विमलाबाईच बोलली. एवढे दिवस ती हिचीच वाट पाहत असावी असं बोलली. चाळीतल्या एका म्हातारीनं तिला भरवून दिलं होतं की ही तर कोणाची तरी खरी पोरगी असेल, कुठं ना कुठं जिवंत असेल, आणि तुम्ही जितीला हार घालता, तिचं काही बरंवाईट झालं तर? तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कधी हार काढून ठेवायची, कधी गौतमीची आठवण अनावर झाली की पुन्हा घालायची. नवरा म्हणायचा, खुळी झालीस. भंडाऱ्याला येऊन विचारावं तर विचारायचं कोणाला, आणि ऐकायचं काय.

"बाई, खरं सांगा," विमलाबाई म्हणाली. "कोणाची होय ते पोरगी? जिती हाय का?"

सुलोचनाबाईचं सगळं ठरवलेलं, लुगडं, तळं, चूक झाली, सगळं बाजूला राहिलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द तिच्या तोंडी वर्षानुवर्षं बसलेलाच होता.

"आहे," ती म्हणाली. "माझीच आहे."

आणि मग तिला थांबता आलं नाही. रुखमा नाव, म्हणाली. वर्ध्याला दिली. जावई रेल्वेत आहे, मोठा शांत माणूस. हे चित्र तिच्या लहानपणचं, तिच्या वडिलांनी काढलेलं. सासरी तिला ठेचा फार तिखट लागतो, पत्रात लिहिते. दोन लेकरं आहेत, मोठी मुलगी, चांगली सात वर्षांची, अगदी आईवर गेलेली, एक क्षण एका जागी बसत नाही. हे सगळं कुठून येत होतं कोण जाणे. तिनं असं कधी जुळवून ठेवलं नव्हतं, तरी एकही शब्द शोधावा लागला नाही. त्या खोलीत, काळ्या धुळीच्या त्या गावात, चोवीस वर्षांची रुखमा डोक्यावर पदर घेऊन आली आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसली. बाईचा आवाज हलका झाला होता, ती हसतसुद्धा होती. सात वर्षांची मुलगी असेल तर लग्न सोळाव्या वर्षी लावलं म्हणायचं, मास्तरांनी कधी लावू दिलं नसतं, एवढा हिशेबही तिला सुचला नाही. इतकं सुख तिला किती वर्षांत झालं नव्हतं.

विमलाबाई ऐकता ऐकता उठली होती. तिनं पाट ओढला, त्यावर चढली, हार काढला. चौकट खाली उतरवून मांडीवर घेतली, पदराचं टोक ओलं करून काचेवरचं कुंकू पुसलं, पुसून पुन्हा पुसलं. मग विळीच्या टोकानं ती पांढरी अक्षरं खरवडायला लागली. आधी तारीख. मग नाव, एकेक अक्षर. तोंडानं पुटपुटत होती, माफ कर गं माय, आमाले मालूम नव्हतं, शंभर वर्षं जग. पांढरी भुकटी तिच्या लुगड्यावर पडत होती. सगळं खरवडून झाल्यावर तिनं चौकट सुलोचनाबाईच्या हातात दिली. आणि दिल्यावर दोन पावलं मागे सरून त्या रिकाम्या खिळ्याकडे असं पाहिलं की सुलोचनाबाईनं नजर काढून घेतली. घेतलं आता, ती स्वतःला म्हणाली. उठ आणि चालू लाग. तीन वाजता गाडी आहे.

ती उठलीही. तेव्हा विमलाबाई म्हणाली, थांबा न जी, आणि कोपऱ्यातली पेटी उघडून तळाशी हात घालून काहीतरी शोधायला लागली. निघालं ते पिवळं झबलं होतं, म्हणजे फ्रॉकच, छातीवर चुण्या घातलेला, खाली दोन बोटांची दुमड, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावा म्हणून ठेवलेली. घडी अशी होती की बऱ्याच दिवसांत कोणी उलगडली नव्हती.

"माह्या गौतमीचा होय. एकडावच घातला, पंधरा ऑगस्टले," ती म्हणाली. "तुमच्या नातीले होईन. लेकराच्या अंगावर राहीन त बरं."

सुलोचनाबाईच्या हातात फ्रॉक आला. डांबराच्या गोळीचा वास. तिनं ती दुमड बोटांत धरली, टाके बारीक होते, हाताचे, एका आईनं संध्याकाळी उजेड जायच्या आत घाईनं घातलेले. हा फ्रॉक घेऊन कुठं जायचं होतं तिला? वर्ध्याला? कोणत्या घरी, कोणत्या दारात उभं राहून हाक मारायची होती? सतरंजीवर कोणी नव्हतं. चाळीबाहेरून ट्रक गेला आणि भांड्यांची उतरंड किणकिणली. जे सुख आता आता होतं ते झटकन गेलं, आणि तिला कळलं की आपण हे बोललो नाही तर आपण हा फ्रॉक नेऊ, नेऊन पेटीत ठेवू, आणि उरलेलं सगळं आयुष्य चोरून राहू.

"नात नाही," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिनं तो कधी ऐकलेला नव्हता. "जावई नाही, कोणी नाही. मी खोटं बोलली. रुखमा आठ वर्षांची होती तेव्हाच मेली."

विमलाबाई रागावेल, हाकलून देईल, असं बाईला वाटलं, आणि तिनं हाकललं असतं तर बरं झालं असतं. पण ती जवळ येऊन बसली. बाईनंही बसून चौकट दोघींच्या मध्ये ठेवली. मग विमलाबाईनं सांगितलं, आणि हे सांगताना ती जरा लाजली, की खरं पाहिलं तर गौतमी काही इतकी अशी नव्हती. तिचं नाक बसकं होतं. रंगही सावळा. तीळ मात्र हुबेहूब याच गालावर. तिळावरूनच घेतलं चित्र. पण रोज हेच पाहता पाहता आता डोळे मिटले की हीच येते, ते बसकं नाक येतच नाही, केव्हा गेलं कळलंही नाही. तरी घेऊन जा म्हणाली. तुमचीच होय. तुमचा हक्क पहिला.

सुलोचनाबाईनं चौकट मांडीवर घेतली. काचेवरून बोट फिरवलं, उजव्या गालावर थांबवलं. ही नेली तर या बाईकडे काय राहतं? ना कागद, ना चेहरा. आणि आपण घरी नेऊन बघू, तर आपल्याला तरी काय दिसेल? आपली आपल्याला ओळखू आली नव्हती, हिनं तिला दारातून पाहून पोटाशी धरली. कोणाची म्हणायची ही? हक्काचा विचार करून ती थकली होती. तिला फक्त रुखमाला कुठंतरी ठेवायचं होतं, जिथं कोणी तिला रोज पाहील, आणि ती मेली आहे हे माहीत असून पाहील.

ती पाटावर चढली. गुडघा दुखत होता, विमलाबाईनं दंडाला धरलं. चौकट खिळ्याला अडकवली, तिरपी झाली ती सरळ केली. मग हात मागे केला आणि विमलाबाईनं त्या हातात हार दिला. तिनं तो घातला. पहिल्यांदाच घालत होती म्हणून एक बाजू आखूड झाली, ती ओढून दोन्ही सारख्या केल्या. खाली काचेवर खरवडल्याचे ओरखडे तेवढे राहिले होते. विमलाबाईनं ते पदरानं पुसायचा प्रयत्न केला, ते पुसले जाण्यासारखे नव्हते.

"आता खाली नाव कोणतं टाकू जी?" तिनं विचारलं.

सुलोचनाबाई पाटावर तशीच उभी होती. रुखमाचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं.

"गौतमी टाका," ती म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून रडायला लागली. विमलाबाईनं तिला पाटावरून खाली उतरवून घेतलं.